पांढरा पडलेला तवा

१४ जुलै, रविवार

तवा पांढरा पडला!

पडला कसला — मीच पाडला. सासूबाईंचा बिडाचा तवा, आतून-बाहेरून काळाकुट्ट. मांडणीवर अगदी समोर ठेवलेला. जाता-येता डोळ्यांत खुपायचा. आई, म्हणजे सासूबाई, परवाच भामरागडला गेल्या, माझ्या नणंदेच्या, दुर्गाताईंच्या, दुसऱ्या बाळंतपणाला. सासरे (बाबा) भाताच्या रोवणीवर, नवरा प्रवीण राइस मिलमध्ये, बाहेर धो-धो पाऊस. घरात मी एकटी. दुसरी कुणी असती तर टीव्ही लावून बसली असती. मी घासत सुटते. राजुऱ्याची आहे मी! तिकडे कोळशाची धूळ रोज खिडकीतून हक्काने आत येते. मम्मीने आम्हा बहिणींना चालायच्या आधी पुसायला शिकवलं.

चुलीवर घमेलं ठेवलं. पाणी, मुठीमुठीने धुण्याचा सोडा, त्यात तवा. उकळी आली आणि काळ्याचे पोपडे सुटायला लागले, झाडाच्या सालीसारखे. मग राख, तारेची घासणी आणि माझं मनगट. दुपारपर्यंत खालून चक्क चांदी निघाली! म्हणजे अगदी चांदी नव्हे, जुन्या सायकलच्या हँडलला असते तशी चमक. पाठीवर अर्धवट इंग्रजी अक्षरंसुद्धा दिसायला लागली. तवा मांडणीवर उभा केला आणि लांबून बघत बसले. फेब्रुवारीत लग्न होऊन आले, तेव्हापासून माझ्या एकाही कामाला आईंनी ‘बरं केलंस’ म्हटलेलं नाही. म्हटलं, आता तरी म्हणतील.

संध्याकाळी बाबा आले. दारातूनच तवा दिसला.

"कोणाचा तवा आणला व बाई?"

"आपलाच आहे, बाबा! घासला!"

ते होते तिथेच ओट्यावर बसले. पाय चिखलाने भरलेले, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. "माह्या आयचा तवा हाय थो," म्हणाले. "मी पैदा झालो नव्हतो तेव्हापासून त्याले कोणं घासला नाई. त्या काळ्यावरून त आयते सुटतेत." मग, "सुगंधाले, तुह्या सासूले मालूम झालं त—" आणि उठून पाय धुवायला गेले.

१५ जुलै, सोमवार

प्रवीणला सांगितलं. तो म्हणाला, "मी मिलमधी होतो. मले काईच मालूम नाई." दोनदा म्हणाला. आईंसमोर बोलायची तालीम करत होता बहुतेक.

१६ जुलै, मंगळवार

बघू तरी म्हणून आयते करायला घेतले. आयते म्हणजे या घराचा जीव. तांदळाचं पातळ पीठ तापल्या तव्यावर गोल ओतायचं, जाळी पडली की अलगद सोडवायचं. पाहुणा आला, आयते. जावई आला, आयते. नुसतं आभाळ आलं तरी आयते. आई ते मनगटाच्या एका झटक्यात सोडवतात. उलथनं नुसतं शोभेला.

मी ओतलं. जाळी काय सुंदर पडली! उलथनं घातलं — हलेना. दुसऱ्या बाजूने — हलेना. शेवटी खरवडून काढला. बाबांनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. "खीर म्हणून बरी हाय," म्हणाले.

१८ जुलै, गुरुवार

आता उलगडा झाला. बाबांचे वडील जंगल खात्याच्या बंगल्यावर खानसामा होते. कुठलासा साहेब विलायतेला परत जाताना हा तवा त्यांना देऊन गेला. पाठीवरची अक्षरं मी फोनवर शोधली. तवा बिडाचाच, पण वरून निकेलचा मुलामा! आणि मी कोण? बी.एस्सी. केमिस्ट्री. परीक्षेत निकेलवर टीप लिहून आले होते. समोर आलं तर ओळखलं नाही.

फोनवरच्या व्हिडिओत एक गोरा म्हातारा सापडला. त्याच्याकडे असे भिंतभर तवे आहेत. तो म्हणतो, निकेलवर तारेची घासणी चुकूनही वापरू नका. (वापरली.) निकेल झिजून बीड उघडं पडलं असेल तिथे लगेच तेल लावा. (नाही लावलं. दोन जागी केशरी गंज आलाय.) निकेलला काळा थर लवकर धरत नाही, धीर ठेवा. आणि जवसाचं तेल लावून, पुसून, तासभर ओव्हनमध्ये तापवा. आमचा ओव्हन म्हणजे चूल, आणि सरपण ओलं!

आई जिवतीला, म्हणजे आषाढी अमावास्येला, परत येणार. म्हणजे वेळ आहे. मी अजिबात घाबरलेली नाही.

२० जुलै, शनिवार

घाबरले आहे.

गंज तांदळाच्या कोंड्याने हळू घासून काढला. मग जवसाचं तेल आणलं आणि चांगलं सढळ हाताने ओतलं. थर जाड तर पक्का, असा माझा हिशेब. तासभर चुलीवर. घरात इतका धूर की शेजारचे गुणवंतराव बादली घेऊन धावत आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तवा गार झाला तर वर फणसाच्या चिकासारखा थर. बाबांनी बोट लावून बघितलं. बोट उचललं तर तवाही उचलला गेला.

परत सोडा. परत घमेलं. परत पांढरा.

२२ जुलै, सोमवार

बातमी आली — पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली! भामरागडचा रस्ता बंद, फोनही बंद. तिकडे दर पावसाळ्याचंच आहे हे. मी इतकी खूश झाले की बाबांना चहात दोन चमचे साखर जास्त घातली. ते कप हातात घेऊन म्हणाले, "पूर आल्यानं गोड चहा भेटते का आजकाल?" पण त्यांच्याही चेहऱ्यावर सुटल्याची कळा होती. लबाड!

२६ जुलै, शुक्रवार

धानोऱ्याच्या बाजारात बशीरभाई बसतात. या भागात कल्हई करणारे तेवढे एकच उरलेत. ओढणीत तवा गुंडाळून नेला, चोरीचा माल असल्यासारखा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तवा उन्हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"बेटी, ही तर आमच्या वालिदच्या हातची कलई! पाह्य, अजून कशी टिकून राह्यली!"

मी म्हटलं, "चाचा, हे निकेल आहे."

"निकेल असन तुह्या कॉलेजात. हे कलई हाय."

पुढे माझं काही चालेना. भाता फुंकला, नवसागराचा भपकारा उठला, कथलाची कांडी फिरली, कापसाचा बोळा गर्रकन फिरला — आणि तवा पहिल्यापेक्षाही पांढरा! मी काळा करायला आणला होता. बशीरभाई म्हणाले, "तोंड पाहून घे त्याच्यात." पाहिलं. तोंड उतरलेलं दिसलं.

२७ जुलै, शनिवार

कोरडा तवा चुलीवर ठेवला. आयत्याला तसाच लागतो, कडक तापलेला. थोड्या वेळात बशीरभाईंची कल्हई वितळून मधोमध जमा झाली आणि थेंब थेंब होऊन तव्यात पळायला लागली. प्रवीण म्हणाला, "आता ह्याची भाजी करशीन का चटणी?"

मी त्याच्याशी बोलत नाहीये.

३० जुलै, मंगळवार

कालच तवा परत धानोऱ्याला. बशीरभाईंनी तापवून कथील पुसून काढलं. "आयते करणार हे आधी सांगाचं ना!" म्हणाले. मी सांगितलं होतं. पण वडिलांच्या आठवणीत त्यांना ऐकू आलं नसावं.

आज दुपारी भामरागडचा फोन लागला. आई! दुर्गाताई ठीक. दिवस भरलेत, दवाखाना गावातच आहे. मग एकदम —

"पुनम, तव्याले हात लावला का?"

मी पटकन म्हटलं, "नाई आई! बोटसुद्धा नाई लावलं!"

मग "बरं" म्हणाल्या आणि फोन कट. तो ‘बरं’ काही बरा वाटला नाही. त्यांना कुणी सांगितलं असेल का? गुणवंतराव?

२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी दुर्गाताईंना कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि फोन पुन्हा बंद. परत पूर. बाबा नुसते अंगणात फेऱ्या मारतायत. रोवणीला गेले नाहीत.

आणि मी बावीस तारखेला पुरासाठी साखर वाढवली होती. काही अडलं-नडलं तर गडचिरोलीला न्यायला रस्ता नाही. माणूस इतका कोता कसा होतो! तवा मांडणीच्या मागे सारून ठेवला. बघवत नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

मुलगी! दोघी सुखरूप!

बाबा रडले. मीही रडले. प्रवीणने पेढे आणले, ते ओले झाले, तसेच वाटले.

४ ऑगस्ट, रविवार

जिवती झाली. आई आल्या नाहीत. "पोळ्याच्या आधी येतो," असा निरोप आहे. मी देवापुढे बसून स्पष्ट सांगितलं की हा पूर मी मागितलेला नाही, आता रस्ता खुशाल मोकळा कर. पण तवा पांढराच आहे, हेही सांगितलं.

७ ऑगस्ट, बुधवार

आज लबाडी केली. चुलीतली काजळी तेलात कालवली आणि तव्याला फासली. हुबेहूब! बाबासुद्धा फसले. "झाला का व काळा?" म्हणून पुढे आले आणि जवळून बघत राहिले.

पहिला आयता निघाला. निघाला म्हणजे सुटला! पण काजळी घेऊन सुटला. तवा पांढरा आणि आयता काळा. तो प्रवीणला वाढला. दहा दिवस न बोललेल्या बायकोने ताटात काहीतरी वाढलं, या आनंदात त्याने तो खाल्ला. दात अजून काळे आहेत. उद्या मिलमध्ये सुटी घेणार म्हणतोय.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. आज तवा चुलीवर ठेवायचा नसतो. एवढा आवडता सण दुसरा नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

लागला! शोध लागला! आणि तोही बाबांच्या पायांमुळे.

झालं असं. मी पुन्हा जवसाचं तेल तव्याला फासून ठेवलं आणि सरपण आणायला मागे गेले. बाबांच्या पायांना रोवणीच्या चिखल्या झाल्यात, बोटांच्या बेचक्यात भेगा. त्यांना तव्यावरचं एवढं तेल बघवेना. दुपट्ट्याने सगळं पुसून घेतलं आणि पायांना चोळत बसले. मी आले तर तवा कोरडाठाक, बाबा तुळतुळीत.

"बाबा! ते तव्याचं होतं!"

"तव्याले का थंडी वाजून राह्यली? एवढं तेल कशाले पायजे त्याले?"

चिडून तवा तसाच चुलीवर आदळला. तापला. धूर आला, गेला. गार झाल्यावर बघते तर चीक नाही, पोपडा नाही, मधासारखा जरासा तपकिरी रंग. पक्का! नखाने खरवडला, निघेना. म्हणजे तो गोरा म्हातारा म्हणत होता ते खरंच होतं — तेल लावायचं आणि लावलंच नाही असं वाटेपर्यंत पुसायचं. मी ते ऐकलं होतं, पण विश्वास ठेवला नव्हता. थोडं लावून काही पक्कं होतं, हे आमच्या राजुऱ्यात कुणाला पटणार!

आता रोजची पद्धत ठरली. मी तेल लावते, बाबा पुसतात, पुसलेलं पायांना लावतात. दोघांचंही काम होतंय.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. माहेरी गेले नाही. भावाला सांगितलं, रस्ता खराब आहे. रस्ता ठीक आहे. तवा सोडवत नाही.

रंग चढत चाललाय. तपकिरी, मग तांब्यासारखा, आता कडेने काळा. निकेल झिजलेल्या दोन जागा सगळ्यांत आधी काळ्या झाल्या. निकेल मात्र अडून बसलंय, अजून मधूनमधून चमकतं. त्यावर रोज कांदा परततेय, मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात वांगी तळतेय. बाबा म्हणाले, "माही आय त इतकं जीव लावून मलेही वाढवत नव्हती."

२४ ऑगस्ट, शनिवार

सुटला.

पांढराशुभ्र, जाळीदार, अख्खा. उलथनं लावायच्या आधीच काठ उचलून स्वतःच वर आला. मी, बाबा आणि प्रवीण तिघं चुलीभोवती उभे होतो. मग बाबांनी तो हातावर घेतला, चटका बसला तरी सोडला नाही, आणि उभ्याउभ्याच खाल्ला. तोंड फिरवून म्हणाले, "आयच्या हातचा हाय."

मला इतकं बरं वाटलं की प्रवीणला माफ केलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

उद्या आई येतायत. रस्ता मोकळा झाला. तवा आतून काळाभोर. बाहेरून चुलीने आपणहून काळा केलाय, अक्षरं बुजली. सोड्याचा पुडा मी न्हाणीच्या वरच्या फळीवर, सगळ्यांत मागे सरकवला. बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं, "काईच झालं नाई. तवा आहे तसाच आहे." प्रवीण म्हणाला, "मी मिलमधी होतो." बाबांनी त्याला सांगितलं की तो तोंड उघडणार असेल तर त्याने मिलमध्येच राहावं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आल्या. वाळल्या आहेत थोड्या. नातीचं कौतुक सांगत होत्या, हसत होत्या. पाणी प्यायल्या आणि सरळ मांडणीकडे. तवा उचलला, खिडकीशी नेला, आतून बघितला, उलटा करून बघितला. बाबा विनाकारण बैलांना चारा घालायला गेले.

आईंनी तवा परत ठेवला. एकदम दमल्यासारख्या दिसल्या. प्रवासाने असेल.

मग आयते केले. एकामागून एक, मनगटाच्या झटक्यात, एकही अडकला नाही. जिंकले मी! आईंच्या नाकासमोर नवा थर आणि त्यांना पत्ताच नाही! आणि तरी जेवताना राग आला. दीड महिना जळून-पोळून हे केलं, आणि कुणी ‘बरं केलंस’ म्हणायची सोयच नाही. कारण मी काही केलेलंच नाही ना!

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. बैल सजवले, पुरण झालं. आई जाता-येता तव्याकडे बघत होत्या.

३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी आई तवा मांडीवर घेऊन चुलीपाशी बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं.

"तुह्यावर रागावलो नाई, पण एक सांगतो. मले वाटे, मी परत येईन त तू याले घासून पांढरा करून ठेवशीन. आल्या दिवसापासून तू सारं घासूनच त राह्यली. म्हणून जाताना समोर मांडून गेलो होतो."

मी तिथेच खाली बसले.

"नवी होतो तेव्हा एक कोपरा खरवडला होता मी. चांदीवानी दिसलं आतमधी. सासूनं पाह्यलं आन देवापुढं शपथ घ्यायले लावली — कधी घासाचा नाई. आता ते नाई राह्यली, पण शपथ हायच. मराच्या आधी एकडाव पाह्याचा होता, कसा दिसते त."

"मी घासू, आई?"

"शपथ मले हाय. तुले कोणं देल्ली?"

पाणी तापत ठेवलंय. आई शेजारी पाट मांडून बसल्यात. हात लावणार नाहीत म्हणे, नुसतं बघणार.